पवळ्याचं दावं

माझं नाव चांगुणा दरेकर. मुंबईत हे नाव सांगितलं की लोक एकदा माझ्या चष्म्याकडे बघतात, एकदा नावाकडे, आणि दोन्हींचा मेळ लागला नाही की विचारतात, "घरी काय म्हणतात?" घरीही चांगुणाच म्हणतात. आमच्या संग्रहालयाचे संचालक डॉ. विजयकर यांनी तर मी रुजू झाले त्याच आठवड्यात सुचवलं होतं की कॅटलॉगवर 'चारू' छापू या, दिल्लीकरांना बरं पडेल. मी म्हटलं, दिल्लीकर फ्रेंच चित्रकारांची नावं तोंड वेडंवाकडं करून घेतात, मग चांगुणा म्हणताना त्यांचे काय दात पडणार आहेत? त्या दिवसापासून साहेब मला 'मिस दरेकर' म्हणू लागले.

काम म्हणाल तर आधुनिक चित्रं शोधायची, कोणतं कधीचं ते ठरवायचं, आणि भिंतीवर अशी लावायची की बघणाऱ्याला काहीतरी कळावं. बडोद्याला जाऊन मी हे शिकले. श्रीगोंद्याजवळच्या मळ्यात राहणाऱ्या माझ्या वडिलांना ते कधीच पटलं नाही. "चित्रं तू काढतीस?" नाही. "इकतीस?" नाही. "मग पगार कशाचा देत्यात?" बघायचा, असं मी सांगितलं, तेव्हा त्यांनी आधी आजूबाजूला बघितलं आणि म्हणाले, "कुनाला सांगू नगंस."

तर एकाहत्तर साली आमच्या संग्रहालयाने चित्रकार कानिफनाथ यांचं मोठं प्रदर्शन ठरवलं. कानिफनाथ वारून दोन वर्षं झाली होती. मेलेल्या चित्रकाराचं प्रदर्शन करणं सगळ्यांनाच आवडतं, कारण तो मध्ये येऊन बोलत नाही. मांडणीचं काम माझ्याकडे आलं. माझं पहिलंच स्वतंत्र प्रदर्शन होतं, आणि ते फसलं तर मी परत तळघरात जाऊन खोक्यांवर नंबर चिकटवत बसणार, हेही मला नीट सांगण्यात आलं होतं.

भांडण एकाच गोष्टीचं होतं. कानिफनाथ काष्टीचे, बैलबाजाराच्या गावचे. पन्नास साली ते पॅरिसला गेले आणि परतले तेव्हा त्यांच्या चित्रांतून माणसं, झाडं, घरं सगळी गेलेली होती. उरले होते रंगांचे मोठे मोठे पट्टे आणि त्यांतून जाणारी एखादी रेघ. विजयकरसाहेबांचं म्हणणं, हे त्यांना पॅरिसने दिलं. माझं म्हणणं, हे ते काष्टीहूनच बरोबर घेऊन गेले होते. "पुरावा?" साहेब विचारायचे, आणि विचारताना चष्मा काढून पुसायचे. मला तो चष्मा खिडकीबाहेर फेकावासा वाटायचा.

पुरावा नव्हता, पण सुगावा होता. कानिफनाथांबरोबर गिरगावात एका खोलीत राहिलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला सांगितलं की परदेशी जाण्याआधी काढलेलं एक चित्र त्यांनी काष्टीला बहिणीकडे ठेवलंय. "असलं विचित्र होतं ते, आम्ही सगळे हसलो होतो," असं ते म्हणाले. शिकलेले लोक हसले म्हणजे चित्र नक्कीच नवीन असणार, हे मला बडोद्यात कळलं होतं.

मी साहेबांकडे गेले. कॅटलॉग छापखान्यात जायला तीन आठवडे होते. साहेब म्हणाले, "आणा चित्र. ते खरोखर पॅरिसच्या आधीचं असेल तर तुमचा लेख पहिला छापू. नाही तर माझा आहेच." त्यांचा होताच. त्याचं नावही ठरलं होतं, 'पॅरिसचं ऋण'. मी संग्रहालयाचा कॅमेरा मागितला, तर तो जर्मन आहे, धुळीत नेऊ नका, असं उत्तर मिळालं. म्हणजे चित्र स्वतः आणल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

दौंडला आगगाडीतून उतरून मी काष्टीची एस.टी. धरली. साळूबाईंचं घर बाजारतळाला लागूनच होतं. साळूबाई म्हणजे कानिफनाथांची थोरली बहीण. वय साठीचं, हिरवं लुगडं, आणि नजर अशी की आपण काही लपवत नसलो तरी लपवतोय असं वाटावं. त्यांचे यजमान कारभारीतात्या बैलांचे दलाल. काष्टीच्या बाजारात त्यांचा शब्द चालायचा. मी श्रीगोंद्याकडची, दरेकरांची, असं सांगितल्यावर साळूबाईंनी आधी माझ्या वडिलांची चौकशी केली, मग आईच्या माहेरची, मग मी अजून लग्न का केलं नाही याची. हे सगळं निपटेपर्यंत चहा झाला आणि मग मी चित्राचं विचारलं.

"हाय की," त्या म्हणाल्या. "गोठ्यात."

"गोठ्यात?"

"मग बैलाचं चित्र काय देव्हाऱ्यात ठिवायचं व्हय?"

आम्ही गोठ्यात गेलो. दोन बैल, एक म्हैस, आणि त्यांच्या वर भिंतीला खिळ्यावर ते चित्र. चांगलं दोन हात रुंद कापड होतं. सगळीकडे मातकट पिवळा रंग, सारवलेली भिंत उन्हात दिसते तसा. मधोमध एक फिकट, मोकळी जागा. आणि डाव्या कोपऱ्यातून निघून त्या मोकळ्या जागेपर्यंत येऊन थांबलेली एक जाड तांबडी रेघ, पीळ घातलेली. रेघ जिथून निघते तिथे सही होती: कानिफ, ४९. म्हणजे पॅरिसच्या आधी. मी म्हशीच्या पाठीवर हात टेकून उभी राहिले. डॉक्टरेट मिळाली त्या दिवशीही मला इतका आनंद झाला नव्हता.

"पण मावशी, यात बैल कुठाय?" मी विचारलं.

"पवळ्या व्हय? त्यो तर इकला हुता. कानिफच्या परदेशाला पैसं कमी पडलं, तवा इकला. दुसऱ्या दिशी ह्यो हितं बसून रंग फासत बसला. मी म्हनलं, आरं बैल कुठाय? तर म्हनला, आक्का, बैल गेला की. दावं तेवढं काढलंय." साळूबाईंनी चित्राशेजारची खुंटी दाखवली. तिच्यावर गुरं बांधायचं एक जुनं, काळं पडलेलं दावं टांगलेलं होतं. "ह्ये बघ. पवळ्याचं."

इथे मला कळायला हवं होतं. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या पोरीला तर कळायलाच हवं होतं. पण माझं लक्ष चौकटीच्या मापात होतं आणि डोक्यात विजयकरसाहेब चष्मा पुसत होते.

संग्रहालयाला चित्र विकत घ्यायचंय, असं मी म्हणून पाहिलं. साळूबाईंनी मान हलवली. "इकायचं न्हाई. न्यायचं तर ने, दाखीव लोकांला, आन् म्हागारी आन. कवा आनतीस त्याचा सौदा कर." सौदा म्हटल्यावर कारभारीतात्या उत्साहाने खांद्यावरचा रुमाल काढून पुढे झाले आणि तिथेच अडकले. बैलबाजारात सौदा तोंडाने होत नाही. दोघांचे हात रुमालाखाली, आणि काय ते बोटं दाबून. आकडा तिसऱ्याला कळत नाही. पण परक्या बाईचा हात रुमालाखाली कसा घ्यायचा? तात्यांनी रुमाल परत खांद्यावर टाकला. साळूबाईंनी नवऱ्याकडे एकदा बघितलं, पदर लांब ओढला आणि त्याखाली माझा हात धरला.

मी पाचही बोटं दाबली. म्हणजे पाच महिने. त्यांनी माझी दोन बोटं परत मिटवली. मी एक उघडलं. त्यांनी ते असं दाबलं की मला आई आठवली. तीन महिने ठरले. तात्या बाजूला उभे राहून बघत होते, आणि त्यांच्या तोंडावर असं दुःख होतं की जणू त्यांच्या गोठ्यातला सौदा त्यांना वगळून झाला होता. झाला होताच.

"सकाळी ने," साळूबाई म्हणाल्या. "मी बांधून ठिवते."

सकाळी गोणपाटात दाभणाने शिवलेलं गाठोडं तयार होतं. उघडून बघायला हवं होतं, हे आमच्याकडचा शिपाईसुद्धा सांगेल. पण एस.टी. दारात भोंगा वाजवत होती आणि शिवण अशी घट्ट होती की सुरी लागली असती. मी गाठोडं उराशी धरून दौंड गाठलं, दौंडहून मुंबई, आणि वाटेत कुणाला त्याला कोपरसुद्धा लागू दिलं नाही.

संग्रहालयात ते विजयकरसाहेबांच्या टेबलावर उघडलं. मी स्वतः दोरा कापला. गोणपाट बाजूला केलं. पिवळा रंग होता, फिकट मोकळी जागा होती. तांबडी रेघ नव्हती. तिच्या जागी कोपऱ्यापासून मध्यापर्यंत कापडात चार बोटं रुंद फट होती आणि फटीतून साहेबांच्या टेबलाची काच दिसत होती. कडा ताज्या होत्या. कात्रीने, अगदी बेताने, रेघेच्या कडेकडेने कापलं होतं. सही गेली होती, साल गेलं होतं.

संग्रहालयाच्या नावावर आणलेलं चित्र, माझ्या ताब्यात असताना, कापलेलं. मी तोंड उघडलं. पण साहेबांनी हात वर केला. त्यांचा चेहरा उजळला होता.

"फाडलंय," ते हळूच म्हणाले. "मिस दरेकर, त्यांनी कॅनव्हास फाडलाय. इटलीत एकजण हेच करायचा. सगळा युरोप त्याच्या पायाशी होता. आणि आपल्या कानिफनाथांनी... अहो, ही रिक्तता बघा." ते टेबलाभोवती फिरले. मग थांबले आणि चष्मा काढला. "मात्र हे पॅरिसच्या आधीचं असणं शक्यच नाही. पंचावन्नच्या पुढचंच. सुट्टीत गावी आले असताना केलं असणार. मी माझ्या लेखात दोन परिच्छेद वाढवतो."

म्हणजे बघा. साळूबाईंच्या कात्रीला हा माणूस पॅरिसला पाठवत होता, आणि माझ्या सिद्धांताला तळघरात. खरं सांगावं तर नोकरी जाते, गप्प बसावं तर खोटं छापलं जातं, तेही माझ्या प्रदर्शनात. राग आला की मला लवकर सुचतं, हा माझा एक गुण आहे. मी म्हटलं, "साहेब, छापण्याआधी एकदा काष्टीला जाऊन यायला हवं. तुम्हीही चला. कॅटलॉगमध्ये कानिफनाथांच्या गावातला तुमचा फोटो हवाच." कॅमेरा जर्मन असूनही धुळीत यायला तयार झाला. मी मुद्दाम शनिवार धरला. शनिवारी काष्टीचा बाजार.

फेब्रुवारीचं ऊन, आणि तळावर नजर पोचेल तिथपर्यंत बैल. साहेब टाय बांधून आले होते. त्यांना कारभारीतात्यांच्या हवाली केलं आणि तात्यांना बाजूला घेऊन सांगितलं, "तात्या, साहेबांना जनावरं दाखवा. त्यांना बघायची फार हौस आहे." एवढंच सांगितलं. बाकी जे झालं ते त्या दोघांमध्ये झालं. मी तरातरा गोठ्यात गेले.

खुंटीवर पवळ्याचं दावं होतं, आणि त्याच्या शेजारी दुसऱ्या खुंटीवर कानिफनाथांचं तांबडं दावं, कापडाची चार बोटं रुंद पट्टी, सहीसकट. साळूबाई म्हशीला पेंड घालत होत्या.

"मावशी, चित्र कापलंत?"

"कापलं म्हंजे? दावं काढून घेतलं." त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी पुन्हा परकरात गेले. "जनावर दिताना दावं कधी देत्यात व्हय गं? तुझ्या बापानं कधी दिलंय? जनावर जातं, दावं आपल्या खुंटीला ऱ्हातं. न्हाईतर गोठ्याची लक्ष्मी त्याच्या मागनं जाती. आन् तू दरेकराची म्हनं."

माझ्या वडिलांनी कधीच दिलं नव्हतं. बैल विकला की ते आधी वाकून दावं सोडून खांद्यावर टाकायचे, मग घेणाऱ्याशी बोलायचे. हे मी लहानपणापासून बघत आले होते. बघायचाच पगार घेते म्हणून मिरवणाऱ्या बाईला गोठ्यात उभं राहून ते दिसलं नव्हतं. पण चूक कबूल करायची ती वेळ नव्हती. मी म्हटलं, "मावशी, ते खरं दावं नाही हो. चित्रातलं आहे."

"मग चित्रातलं जनावर नेलंस, तर चित्रातलंच दावं ठिवीन की." यावर बडोद्यात मला काही शिकवलेलं नव्हतं. "तीन म्हैन्यांनी आनशील तवा शिवून दीन परत," त्या म्हणाल्या.

मी त्यांना सगळं सांगितलं. ती सही नसली तर हे चित्र परदेशात शिकून काढलं असं छापतील, गावाचं नाव जाईल, माझी चाकरी जाईल. त्यांनी ऐकून घेतलं. पेंडीचं घमेलं खाली ठेवलं आणि पट्टीवरून हात फिरवला.

"कानिफ परदेशाला गेला तवा मी दावं ठिवलं न्हाई बघ," त्या म्हणाल्या. "मानसाचं काय ठिवत्यात मला ठावं नव्हतं. त्याची टोपी ठिवायची, चप्पल ठिवायची, कायतरी ठिवायचं. येड्यावानी सगळं ट्रंकेत भरून दिलं. परदेशाहून आला तो मुंबईतच ऱ्हायला. दोन येळा आला हितं, पाव्हन्यावानी."

मला त्यांची दया आली आणि एकदम काहीतरी लख्ख दिसलं. "मावशी, तुम्ही नाही ठेवलं. पण त्यांनी ठेवलंय. हेच. चित्र तुमच्याकडे टाकून गेले ते कशाला? सगळी चित्रं मुंबईला नेली, हेच तेवढं गोठ्यात ठेवलं."

साळूबाई पट्टीकडे बघत राहिल्या. "व्हय?" त्या म्हणाल्या. मग पट्टीचं टोक सरळ करत, "मग म्हागारी का न्हाई आला?"

मी पेंडीचं घमेलं उचललं आणि म्हशीपुढे ठेवलं, कारण हाताला काहीतरी काम हवं होतं.

तेवढ्यात बाहेरून आरडाओरडा आला. आम्ही दोघी धावलो.

झालं होतं ते असं. कारभारीतात्यांनी साहेबांना सगळा बाजार दाखवला आणि शेवटी आपल्या हौशाकडे आणलं. हौशा म्हणजे घरचाच एक वयस्क बैल. तात्यांनी त्याची शिंगं साळून तेल लावून ठेवली होती आणि दुरून तो अजून तरणा गडी दिसायचा. साहेब म्हणाले, "सुंदर." बाजारात सुंदर म्हणणारा माणूस घ्यायलाच आलेला असतो. तात्यांनी रुमाल पुढे केला. साहेबांना वाटलं, ही इथली हस्तांदोलनाची पद्धत. त्यांनी रुमालाखाली हात घातला आणि मोठ्या सौजन्याने तात्यांची बोटं दाबली. तात्यांनी उलट दाबली. साहेबांनी अधिक प्रेमाने दाबली. तात्या नंतर मला म्हणाले, "सायेब लई तयारीचं गिऱ्हाईक. हूं का चूं न्हाई, सरळ भाव पाडत गेलं." शेवटी साहेबांनी चहापाण्याला म्हणून खिशातून एक नोट काढून तात्यांच्या हातात ठेवली. बाजारात तिला इसार म्हणतात. इसार दिला की सौदा पक्का.

सौदा पक्का झाल्यावर तात्यांनी रीतीप्रमाणे वाकून हौशाचं दावं सोडलं, खांद्यावर टाकलं आणि चालू लागले. हौशाही चालू लागला, तो भेळेच्या गाडीकडे.

आम्ही पोचलो तेव्हा आधुनिक कलेचे जाणकार डॉ. विजयकर हौशाच्या शिंगाला धरून त्याच्याबरोबर ओढले जात होते. माणसं टोपी सावरत हसत होती. "अहो, दोरी," साहेब म्हणत होते. "अहो, याची दोरी कुठे नेताय?"

"दावं देत न्हाईत, सायेब," तात्या शांतपणे म्हणाले. "तुमचं नवं तुमी आनायचं."

साहेबांनी इकडे तिकडे बघितलं, मग गळ्यातला टाय सोडला आणि हौशाच्या शिंगाला गुंडाळला. फ्रेंच रेशमाचा टाय होता. हौशा थांबला, कदाचित मऊ लागलं म्हणून. साहेबांच्या खांद्याला तो जर्मन कॅमेरा लोंबकळत होता, पण फोटो काढायचं त्यांना सुचलं नाही, आणि मी आठवण केली नाही.

"पण का?" साहेबांनी विचारलं. ते रागावले होते, पण खरंच विचारत होते. ही गोष्ट मी त्यांच्या बाजूने कबूल करते. "बैल दिला तर दोरी का द्यायची नाही?"

"या, दाखवते," मी म्हटलं.

हौशाला तात्यांकडे सोपवून मी त्यांना गोठ्यात नेलं, आणि जाता जाता पवळ्या विकल्याचं सांगितलं. त्यांनी आधी खुंटीवरचं पवळ्याचं दावं बघितलं, मग शेजारची तांबडी पट्टी. तिच्या टोकाची सही वाचली. साल वाचलं. मग रिकाम्या भिंतीकडे बघितलं, जिथे चित्र असायचं तिथे चौकोनी डाग होता. पुन्हा पट्टीकडे बघितलं. चष्मा काढला, पण पुसला नाही.

"बैल विकल्यानंतरची जागा आहे ती," ते म्हणाले. "त्यांनी बैल काढलाच नाही. जे राहिलं ते काढलं."

"एकोणपन्नास साली," मी म्हटलं.

"एकोणपन्नास साली," साहेब म्हणाले.

मला वाटलं, जिंकले. मग साहेब साळूबाईंकडे वळले आणि अतिशय नम्रपणे म्हणाले की संग्रहालयाला ही पट्टी आणि चित्र दोन्ही हवंय. साळूबाईंनी पदर लांब ओढला आणि हात पुढे केला. साहेबांनी दोन्ही हात पाठीमागे नेऊन घट्ट धरले. त्या दिवशी दुपारपर्यंत ते तसेच चालत होते. हौशाला तात्यांनी संध्याकाळच्या आत दुसऱ्या गिऱ्हाइकाला विकून टाकलं, आपली दलाली ठेवून साहेबांना त्यांची नोट परत दिली आणि वर थोडे जास्तच दिले. टाय मात्र मिळाला नाही. तो दावं होता ना. तात्यांनी स्वतः सोडून आपल्या खुंटीला टांगला.

पट्टीचा फोटो काढू द्या, अशी मी साळूबाईंना विनंती केली. "फोटू काढला म्हंजे गेलंच की त्ये," त्या म्हणाल्या, आणि विषय संपला. प्रदर्शनात चित्र फटीसकट लावलं. खाली मी स्वतः लिहून चिकटवलं: 'दावं मालकिणीकडे, काष्टी, ता. श्रीगोंदा.' लोक त्यापुढे सगळ्यात जास्त वेळ थांबायचे.

आणि कॅटलॉग? कॅटलॉगमध्ये पहिला लेख डॉ. विजयकरांचाच आला. 'पॅरिसचं ऋण' त्यांनी फाडून टाकलं होतं. नव्या लेखाचं नाव होतं 'काष्टीचा वारसा'. "मी स्वतः बैलबाजारात उभा राहून," अशी त्याची सुरुवात होती. माझं म्हणणं त्यात पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत होतं. माझं नाव शेवटच्या पानावर होतं, छापखान्याच्या वर. मी त्या दिवशी घरी जाऊन दोन ताटं आपटली आणि मग रडले. मग ठरल्या वेळी मी गाठोडं बांधलं आणि चित्र काष्टीला परत नेलं. साहेब नको म्हणत होते, कागदपत्रं करू, मुदत वाढवू. मी म्हटलं, सौदा पदराखाली झालाय.

साळूबाईंनी पट्टी दाभणाने, लाल दोऱ्याने परत शिवली. आमच्याकडच्या चित्रं दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांनी हे बघितलं असतं तर त्यांना अंथरूण धरावं लागलं असतं. मला मात्र ते टाके आवडले. निघताना साळूबाई म्हणाल्या, "कुनी बगायला आलं, तर तुझ्यासंगं आलं तरच दावीन. एकल्याला न्हाई." मी काही मागितलं नव्हतं. सौदाही केला नव्हता. त्यांनी आपण होऊन दिलं.

त्र्याहत्तर साली दिल्लीला मोठा परिसंवाद भरला. डॉ. विजयकर 'काष्टीचा वारसा' वाचत होते. सभागृह भरलेलं, दोन-तीन परदेशी पाहुणे, आणि मी नवव्या रांगेत. वाचन फार छान झालं. टाळ्या झाल्या. मग एका फ्रेंच बाईंनी उभं राहून विचारलं की सही आणि साल असलेला भाग कुठे बघायला मिळेल? कॅटलॉगमधल्या छायाचित्रात तर तिथे फट दिसते. त्याशिवाय हे सगळं आपण खरं कसं मानायचं?

साहेबांनी पाण्याचा घोट घेतला. चष्मा काढला. आणि मग सगळ्या सभागृहादेखत त्यांची नजर एकेक रांग ओलांडत माझ्यापर्यंत आली. पहिल्यांदाच त्यांनी मला माझ्या नावाने हाक मारली. "चांगुणाबाई," ते म्हणाले, "जरा सांगता का?"

मी उठून उभी राहिले. खूप दिवस जपून ठेवलेली वस्तू हातात यावी तसं झालं मला. सिद्धांत त्यांनी नेला होता, तो नेऊ दे. दावं माझ्या खुंटीला होतं.

"काष्टीला आहे," मी म्हटलं. "माझ्याबरोबर यावं लागेल. शनिवारी निघू, आणि बाजारात हात खिशात ठेवा."